दिवसाची दंडार

आमच्या गावात नवा माणूस आला की पहिल्याच दिवशी विचारायचा, इथं एवढी भांडणं कशाची चालली आहेत. भांडण नसायचंच. दोन बाया वांग्याची भाजी कशी केली ते एकमेकींना सांगत असायच्या. गावाच्या मधोमध आरागिरणी होती. लाकूड चिरल्याचा आवाज दिवसभर घरात, देवळात, शाळेत भरून असायचा आणि त्याच्यावर आवाज चढवून बोलता बोलता आम्ही सगळेच ओरडके झालो होतो. गिरणी बंद पडली तरी ती सवय गेली नाही. शांत झालेल्या गावात माणसं तशीच ओरडत राहिली आणि ते ऐकायला फार वाईट वाटायचं.

गाव वडशाहून नागभीडकडे जाणाऱ्या छोट्या रेल्वेच्या कडेला, जंगलाच्या तोंडाशी. बैलगाड्यांवरून सागवान, बिजा, ऐन यांचे ओंडके यायचे आणि गिरणीतून रेल्वेचे स्लीपर होऊन डब्यांत चढायचे. माझे बाबा तिथे मिस्त्री होते, म्हणजे मोठ्या आऱ्याचे मुख्य. माझा मोठा भाऊ, दादा, त्याच आऱ्याच्या मागच्या टोकाला कामाला होता. मी मागच्या खोलीत बसून पात्यांना धार लावायचो. त्या कामाला डोकं थंड लागतं आणि माझं कधीच थंड नव्हतं. बोटांची कातडी बरीच गेली त्यापायी.

आऱ्याजवळ कितीही ओरडलं तरी ऐकू जात नसे, म्हणून तिथली बोली हाताची. मनगट फिरवलं की ओंडका उलटा करायचा. दोन बोटं दाखवली की दोन इंच. मागच्या टोकाच्या माणसाने उघडा पंजा डोक्यावर धरला की 'मोकळं', म्हणजे पात्यापाशी कुणी नाही आणि काही अडकलेलं नाही. तो पंजा दिसल्याशिवाय मिस्त्रीने 'चालू'ची मूठ वर करायची नाही आणि मूठ दिसल्याशिवाय इंजिनवाल्याने पट्टा चढवायचा नाही. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण तो मोडलेला कुणी पाहिला नव्हता. बाबांना तर तीस वर्षांत त्या आऱ्याने ठार बहिरं करून टाकलं होतं. घरीसुद्धा त्यांच्याशी हातानेच बोलावं लागे. ते स्वतः तोंडाने बोलत, फार मोठ्याने, कारण आपला आवाज त्यांना कळत नसे.

दादा त्या आऱ्यावरच गेला. एका सकाळी वॅगन भरायची घाई होती. तो पात्याखाली वाकलेला असताना आरा सुरू झाला. मी धारेच्या खोलीत आवाज बदललेला ऐकला आणि धावलो. त्यापुढचं मला लिहायचं नाही. वहिनी तेव्हा तेवीस वर्षांची होती, पोरगी दोन वर्षांची.

चौकशीला साहेब आले. सगळ्यांना ओळीने उभं केलं तेव्हा बाबा आपणहून पुढे झाले आणि म्हणाले, "पंजा दिसला नव्हता मले. मी तशीच मूठ उचलली. चूक माही हाय." ओळीतलं कुणी काही बोललं नाही. मालकाने बाबांना मिस्त्रीपणावरून काढलं आणि आवारात ओंडक्यांवर नंबर टाकायला बसवलं. तीस वर्षांचा मिस्त्री हातात डांबराची डबी घेऊन मुकाट्याने बसू लागला.

मी त्या दिवसापासून बाबांशी बोलणं टाकलं. बहिऱ्या माणसाशी अबोला धरणं फार सोपं असतं. नुसते हात हलवायचे नाहीत, झालं. जेवताना ते माझ्याकडे बघायचे, मी ताटाकडे बघायचो. एकाच घरात, एकाच चुलीवरचं खाऊन चार वर्षं हे चाललं. आपलं वागणं बरोबर आहे याबद्दल मला त्या चार वर्षांत एक दिवस शंका आली नाही. आज त्याची लाज वाटते, पण तेव्हा नव्हती वाटत.

दादाच्या मागे दोनेक वर्षांनी गिरणी बसली. मालगुजारी संपली, मालगुजारांची जंगलं सरकारकडे गेली आणि मालकाचं लाकूड तुटलं. त्याने आरा, इंजिन, पट्टे सगळं उचकटून रेल्वेत घालून नेलं. मागे राहिली उंच टिनाची शेड आणि भुशाचा डोंगर. गावातल्या शेगड्या भुशाच्या होत्या. बायांनी तो डोंगर घमेल्या-घमेल्याने वर्षभरात जाळून संपवला आणि मग सरपणाला जंगलात जाऊ लागल्या. तिथे जंगलखात्याच्या नाकेदाराच्या शिव्या खाव्या लागत. चहाचं हॉटेल उठलं. शिंपी मशीन डोक्यावर घेऊन आरमोरीला गेला. गाडी थांबायची, पण चढणारेच दिसत, उतरणारं कुणी नसे. जाणारे लोक घराची दारं आणि चौकटी काढून बैलगाडीत घालून नेत, कारण त्या चांगल्या सागाच्या होत्या. उरलेल्या मातीच्या भिंती दोन पावसाळ्यांत बसून जात.

सगळ्यांत जास्त लागलं ते मंडई गेल्याचं. दिवाळी झाली की आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडई भरते, प्रत्येक गावाचा दिवस ठरलेला. लेकी माहेरी येतात, सोयरेधायरे येतात, लग्नाच्या पोरी बघून जातात, बाजार भरतो आणि रात्री दंडार होते, म्हणजे नाचगाण्याचा खेळ. आमच्या मंडईचा सगळा भार गिरणीमालक उचलायचा. बाहेरची मंडळी तोच आणायचा. तो गेला आणि मंडईही गेली. दोन दिवाळ्या आमच्या दिवशी आमचेच सोयरे दुसऱ्या गावच्या मंडईला गेले. "तिथी पोरगी देऊन ते काय भुसा खाईन काय," असं आमच्याबद्दल बोलत होते म्हणे.

आमचा चांदा जिल्हा मुंबई राज्यात जाण्याच्या गोष्टी चालल्या होत्या, त्या साली तळ्यावरच्या एका म्हाताऱ्याने उचल खाल्ली. तो मासे धरायचा. तरुणपणी त्याने दंडारी बसवल्या होत्या. गिरणीत त्याने एक दिवस काम केलं नव्हतं आणि आम्ही गिरणीवाले त्याला फारसं मोजत नव्हतो. तो एका दुपारी ओल्या धोतरानेच शेडमध्ये आला. तिथे आम्ही पंधरावीस जण पत्ते कुटत बसलो होतो. म्हणाला, "मालक गेला तं गेला. मंडई काऊन गेली? मंडई का त्याच्या आऱ्यातून चिरून निंगत होती?"

मला हसू आलं. माझं बल्लारशाला कारखान्यात जमलं होतं, दिवाळी झाली की निघायचं होतं. दंडार करून गाव उभं राहील हे मला खुळ्याचं बोलणं वाटलं आणि तसं मी तोंडावर बोललो. म्हातारा रागावला नाही. "तू जाय ना," म्हणाला, "जावाच्या आंधी एक खेळ करून जाय."

मग एका राजा-राणीच्या कथेची तालीम सुरू झाली. तिचे हाल काय सांगावेत. राणीचं काम आमच्या इंजिनवाल्याकडे होतं. त्याने बिचाऱ्याने मिशीसुद्धा काढली, पण "महाराज, मला विरह सोसवत नाही" हे तो असं म्हणायचा की तळ्यावरचे बगळे उठायचे. राजा त्याच्यापेक्षा मोठ्याने ओरडायचा. हळू बोला म्हटलं की दोघांचेही शब्द घशात अडकायचे आणि हात आपोआप हलू लागायचे. राणी राजाला खुणेने सांगायची, पुढचं वाक्य कोणतं? राजा खुणेने सांगायचा, मलाही आठवत नाही. बाजूला बसलेले आम्ही सगळे हसून लोटपोट, कारण आम्हाला कळत होतं. म्हाताऱ्याला मात्र त्यातलं काहीच कळत नव्हतं. दोन दिवस तो ते हात बघत राहिला. तिसऱ्या दिवशी म्हणाला, "तोंडानं बोलूच नोका. राजा-राणी राहू द्या. हातानं सांगून राह्यले ना, तेच करा. गिरणी दाखवा."

सुरुवातीला कुणाला पटलं नाही. आमच्या लेखी ते काम होतं, कला नव्हती. पण करून बघितलं आणि बाजूला बसलेले उठून जवळ आले. ओंडका येतो, उलटतो, पात्याला लागतो, फळी सुटते, आणि हे सगळं रिकाम्या हातांनी. दोन वर्षं पत्त्यांशिवाय काही न धरलेले ते हात ओंडक्याचं वजन विसरले नव्हते. नसलेला ओंडका ढकलताना माणसांच्या पिंढऱ्या ताणल्या जायच्या. 

हातांचा खेळ म्हणजे उजेड हवा. पेट्रोमॅक्सच्या उजेडात बोटं नीट दिसत नव्हती, म्हणून दंडार दुपारी करायची ठरली. दिवसा दंडार आमच्या भागात कुणी ऐकली नव्हती. आजूबाजूच्या गावांत आमची यथेच्छ टवाळी झाली. पण गाव कामाला लागलं होतं. मोडलेल्या चौकटी आणि पडून राहिलेल्या फळ्या जोडून आमच्या लोकांनी रंगमंच केला. खिळा न मारता, खाचेत खाच बसवून, पाहिजे तेव्हा सोडवता येईल असा. आऱ्याचा आवाज बायांनी शोधून काढला. तीस जणींनी सुपात धान घोळवायचं, आधी सावकाश, मग भराभर. पहिल्यांदा तो आवाज चढला तेव्हा एक बाई सूप टाकून उठली आणि घरी गेली. दुसऱ्या दिवशी ती परत आली.

मिस्त्रीचं काम मी करावं असं सगळ्यांचं म्हणणं. चेहरा बाबांचाच, अंगकाठी बाबांचीच. मी साफ नाही म्हटलं. मग वहिनी शेडमध्ये आली. ती कधी चारचौघांत बोलायची नाही. डोक्यावरचा पदर सारखा करून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "गिरनी दाखवता तं पोरीच्या बाबाले बी दाखवा. ते पात्यापाशी कसे उभे राहत, कसे हासत, ते दाखवा. गेले तेबी दाखवा. पोरीले त्यायचं तोंडसुद्दा याद नाई. नाई जमत तं खेळ करू नोका." आणि माझ्याकडे वळून, "भाऊजी, तुमी उभे राहा."

मी तयार झालो. दादाचं काम त्याच्या जोडीदाराने घेतलं. आऱ्याकडे सरकणाऱ्या गाडीवर ओंडका ढकलणारा हा माणूस त्या सकाळी दादापासून चार हातांवर उभा होता. तोही घ्यायला तयार नव्हता, पण वहिनीने सांगितल्यावर त्याने मान खाली घातली.

बाबा हे सगळं लांबून बघत. शेडच्या बाहेर पिंपळाखाली एका ओंडक्यावर ते रोज येऊन बसायचे. आत पाऊल टाकत नसत. त्यांना कुणी बोलावलंही नव्हतं. बोलवायचं ते माझं काम होतं.

दादाच्या प्रसंगाची तालीम पहिल्यांदा झाली तो दिवस मला आजही स्वच्छ आठवतो. मिस्त्रीची जागा शोधावी लागली नाही. तीस वर्षं एकाच जागी उभं राहून बाबांच्या पायांचे दोन खळगे जमिनीत पडले होते. मी त्यांत पाय ठेवले. गाडीच्या जागी या वेळी तेवढ्याच उंचीवर खरा ओंडका ठेवला होता, कारण म्हाताऱ्याला माणसांची उंची जमवून बघायची होती. मी मान वर करून मागच्या टोकाकडे पाहिलं, तर दादाच्या जागी उभा असलेला माणूस मला दिसेना. ओंडक्याच्या आड तो पुरता झाकला गेला होता. मी टाचा उंचावल्या, तरी नाही. मी आठ वर्षं त्या गिरणीत काम केलं, पण त्या जागी कधी उभा राहिलो नव्हतो. तिथून मागचा माणूस दिसतच नाही. दिसला तर फक्त त्याने डोक्यावर धरलेला हात दिसतो. 

बायांनी सुपं हलवायला घेतली. ओंडक्याच्या वर उघडा पंजा आला. मोकळं.

मी थांबलो. माझ्या माहितीत असं घडलं नव्हतं. पंजा न दिसताच बाबांनी मूठ उचलली होती, हे त्यांनी स्वतः सांगितलं होतं. मी ओंडक्याला वळसा घालून मागे गेलो. जोडीदार एक हात तसाच वर ठेवून खाली वाकला होता आणि दुसऱ्या हाताने नसलेल्या पात्याखालची अडकलेली साल ओढत होता. पंजा दाखवायचा आणि मग दिसलेली साल चट्कन काढायला परत वाकायचं. दादाला घाई झाली की तो हेच करायचा. बाबा त्याला त्यावरून रागवायचे, ते मी कितीदा पाहिलं होतं. जोडीदाराने हे मुद्दाम केलं नव्हतं. त्या सकाळी जे बघितलं तेच त्याच्या हातांनी केलं. माझ्याकडे पाहिल्यावर आपण काय केलं ते त्याला कळलं आणि त्याचा चेहरा पडला. मी इंजिनवाल्याकडे पाहिलं. त्याने नजर चुकवली. ज्याच्याकडे बघावं तो नजर चुकवत होता. चार वर्षं सगळ्यांना ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते मला आणि खांबाशी उभ्या असलेल्या वहिनीला.

तेवढ्यात बाबा आत आले. दोन वर्षांत पहिल्यांदा. ते सरळ जोडीदारापाशी गेले, त्याचं वर राहिलेलं मनगट धरलं आणि खाली ओढलं. मग स्वतःच्या छातीवर बोट ठेवून त्यांनी मान हलवली आणि मोठ्याने म्हणाले, "पंजा दाखवला नव्हता त्यानं. मी बिनपंजाचा आरा सुरू केला. खेळात तसंच करा."

वहिनी पुढे आली आणि त्यांच्या समोर उभी राहिली. सासऱ्यासमोर मान वर करून ती कधी उभी राहिली नव्हती. तिने हातांनी एकच विचारलं, का? बाबांनी आवाज बारीक करायचा प्रयत्न केला, तो त्यांना कधी जमत नसे. सगळ्या शेडने ऐकलं. "पोरगी मोठी होईन, बाई. तिचा बाप सोताच्याच चुकीनं मेला, असं कोनी ना कोनी तिले म्हनन. ते तिच्या जिवाले लागून राहीन. बुढ्यानं मारलं म्हनू दे. बुढा किती दिवसाचा हाय?"

 वहिनी जोडीदाराकडे वळून म्हणाली, "मामाजी म्हनतात तसंच करा."

मी तिथेच होतो. माझे हात मोकळे होते. त्या क्षणी मी बाबांना काहीही सांगू शकलो असतो. पण चार वर्षं ज्याच्याकडे पाहिलं नाही त्याच्याशी कोणत्या तोंडाने बोलायचं? मी शेडमधून बाहेर पडलो आणि तळ्यापर्यंत चालत गेलो.

गावाचं पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकतो, कारण मंडईचं सांगून झाल्यावर दुसरं काही सांगायची इच्छा राहणार नाही. मी बल्लारशाला गेलो नाही. वडशाच्या एका नाटकमंडळीची माणसं टवाळी करायला म्हणून आमची दंडार बघायला आली होती. त्यांनी तो बिनखिळ्याचा, बैलगाडीत मावणारा रंगमंच पाहिला आणि तसलाच एक आमच्याकडून करून घेतला. मग दुसऱ्यांनी घेतला. आमचे आरेवाले सुतार झाले, शेडमध्ये पुन्हा लाकडाचा वास येऊ लागला. फार मोठं काही झालं नाही. गेलेली सगळी घरं परत आली नाहीत, शिंपी आरमोरीलाच राहिला. पण मंडई भरत राहिली आणि गावात सुना येऊ लागल्या. आता मी नव्वदीला टेकलो आहे. बाबा आणि म्हातारा तर केव्हाच गेले, वहिनी गेली, आणि मागच्या उन्हाळ्यात पुतणीही गेली. ज्यांच्यासाठी गप्प राहायचं होतं त्यांतलं कुणी उरलं नाही, म्हणून लिहितो आहे.

मंडईच्या दिवशी सकाळपासून बैलगाड्या लागल्या. दोन वर्षांनी लेकी आल्या. बांगड्यावाले आले, मुरमुरे आणि गुळाच्या पट्ट्या विकणारे आले. दुपारी शेडमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. बाबा अगदी पुढे, जमिनीवर मांडी घालून बसले होते. वहिनीने त्यांना हाताला धरून आणलं होतं. पुतणी त्यांच्या मांडीवर होती. ती सहा वर्षांची झाली होती तरी मांडी सोडायची नाही. घरात बाबांशी सर्वांत जास्त तीच बोलायची. हातांची सगळी बोली तिला त्यांनीच शिकवली होती. आजोबा बहिरे आहेत यात तिला काही वेगळं वाटत नसे.

खेळ सुरू झाला. बाहेरगावची माणसं पहिल्यांदा हसली, मग थांबली. दादाचा जोडीदार दादासारखा हसला, खांदा उडवून चालला, ओंडक्यावर थाप मारून पोरीकडे बघून डोळे मिचकावले. पुतणी बाबांच्या मांडीवर उभी राहिली आणि आईकडे वळून तिने खुणेने विचारलं, हेच का माझे बाबा? वहिनीने होकार दिला. वहिनीचे डोळे भरले होते, पण ती हसत होती. मी तिला चार वर्षांत हसताना पाहिलं नव्हतं.

मग तो प्रसंग आला. बायांची सुपं थांबली. जोडीदार ओंडक्याआड वाकला आणि पंजा आला नाही. माझ्या समोर नुसता ओंडका होता. मला मूठ वर करायची होती, पंजा न दिसता, सगळ्या गावासमोर. ओळीने बसलेले आमचे लोक माझ्याकडे बघत होते आणि त्यांतल्या प्रत्येकाला खरं ठाऊक होतं.  मी बाबांकडे पाहिलं. चार वर्षांत पहिल्यांदा सरळ त्यांच्या डोळ्यांत पाहिलं. त्यांनी हलकेच मान हलवली, कर म्हणून. मी मूठ उचलली.

सुपांचा आवाज एकदम चढला. त्या आवाजात पुतणीने माझ्या मुठीकडे पाहिलं, मग ओंडक्याकडे, मग मान वळवून आजोबांकडे. ती हुशार पोर होती. पंजाशिवाय मूठ करायची नाही, हे तिला त्यांनीच शिकवलं होतं. मिस्त्री कोण होतं तेही तिला ठाऊक होतं. ती बाबांच्या मांडीवरून उतरली. घाईने नाही, रडतही नाही. लोकांच्या गुडघ्यांमधून वाट काढत ती वहिनीपाशी गेली आणि तिच्या मागे, पदराआड बसली. तिथून ती आजोबांकडे बघत राहिली. बाबांनी तिला हाक मारली नाही. मांडी त्यांनी थोडा वेळ तशीच ठेवली, मग गुडघे उभे करून हातांनी कवटाळून घेतले. ती त्या मांडीवर पुन्हा कधी बसली नाही. त्यानंतर बाबा अकरा वर्षं जगले.

खेळ संपला तेव्हा कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. माणसं बसूनच होती. मी रंगमंचावरून खाली उतरलो आणि बाबांच्या शेजारी जमिनीवर बसलो.  मी त्यांना खुणेने सांगितलं की मला सगळं कळलं, मला माफ करा. त्यांनी माझ्या हातांकडे टक लावून पाहिलं. मग माझ्यावरून नजर उचलून पलीकडे पाहिलं, जिथे वहिनीच्या पदराआडून ती पोर आम्हा दोघांचे हात वाचत होती. आणि त्यांनी त्यांच्या मोठ्या आवाजात, सगळ्या शेडला ऐकू जाईल असं मला म्हटलं, "कळायचं काय हाय त्यात? चूक माहीच होती."

सगळे माझ्याकडे बघत होते. मी पुतणीकडे पाहिलं आणि मान हलवली, हो म्हणून.